मालवणहून आणलेला पांढरा तुकडा

मागच्या अंकात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्याविषयी लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली. काही कौतुकाची होती, त्यांचे मनापासून आभार. बाकीच्यांत प्रश्न होते, आणि ते मला जास्त आवडले. मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात २७ वर्षे प्राणिशास्त्र शिकवले, वयाच्या ४२व्या वर्षी डायव्हिंग शिकले, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात समुद्राखाली जाऊन प्रवाळांची मोजणी करते. जे स्वतः पाहिले आणि जे खात्रीने माहीत आहे, त्याच्या आधाराने उत्तरे देते आहे.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तारकर्लीला गेलो होतो. १२ वर्षांच्या मुलाने स्कूबा केले. पाण्याखाली नेणाऱ्या दादाने त्याला आठवण म्हणून एक खडबडीत दगड काढून दिला. गाडीत आणि घरी दोन-तीन दिवस त्याला फार वास येत होता. धुऊन उन्हात ठेवला तर पांढराशुभ्र झाला. आता तो टीव्हीशेजारी आहे. शेजारचे काका म्हणतात, हे बेकायदा आहे. खरे का?
(एक आई, कोथरूड)

काकांचे बरोबर आहे. पण कायद्याकडे येण्याआधी त्या वासाबद्दल सांगते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

घरात भिंग असेल तर मुलाला जवळ बसवा आणि तो तुकडा खिडकीच्या उजेडात धरा. पृष्ठभागावर मोहरीच्या दाण्याएवढ्या वाट्या दिसतील, एकीला लागून एक. प्रत्येक वाटीत काठापासून मध्याकडे गेलेले पातळ पडदे असतात. त्या प्रत्येक वाटीत एक प्राणी राहत होता. त्याला पॉलिप म्हणतात. मऊ पिशवीसारखे शरीर, वर तोंड, तोंडाभोवती बोटांसारख्या स्पर्शिका. समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन तो स्वतःखाली ही वाटी बांधतो. मेलेल्या प्रवाळाचा किनाऱ्यावर पडलेला तुकडा असता तर त्याला खारट वास आला असता, कुजका नाही. कुजका वास आला, म्हणजे तुकडा काढला तेव्हा त्यात शेकडो पॉलिप जिवंत होते. ते तुमच्या गाडीत मेले.

हे मुलाला सांगावे का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. सांगा. त्याने काही चुकीचे केलेले नाही, मोठ्या माणसाने हातात दिले ते त्याने घेतले. माझा अनुभव असा, की १२ वर्षांच्या मुलाला खरे सांगितले तर ते तो आयुष्यभर लक्षात ठेवतो. मालवणच्या पाण्यात पोराइट्स नावाचे गोल गाठोड्यासारखे प्रवाळ आहे. ते वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढते. तुमचा तुकडा मुठीएवढा असेल तर तो मुलाच्या वयाचाच असण्याची शक्यता आहे.

आता कायदा. सगळी कठीण प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघही त्याच अनुसूचीत आहे. तोडणे, विकणे, जवळ बाळगणे, सगळाच गुन्हा, आणि शिक्षा तीन ते सात वर्षे कैदेची. शिवाय मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सुमारे २९ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य, सिंधुदुर्ग किल्ला त्याच्या आतच. तुकडा नदीत टाकू नका, कोणाला भेट देऊ नका. वनविभागाच्या पुण्यातल्या कार्यालयात जाऊन, कसा आला ते लेखी देऊन जमा करा. पत्रात बोटीची जागा आणि तारीखही लिहा. त्या दादावर सूड म्हणून नव्हे. तिथे दिवसाला किती तुकडे निघतात हे कोणाला तरी कळले पाहिजे, म्हणून.

पुढच्या वेळी बोट ठरवताना आधी एवढे विचारा : नांगर खडकावर टाकता की कायमच्या बोयाला बोट बांधता? मी एकदा नांगराखालचा खडक पाहिला आहे. १५ किलोचे लोखंड आणि त्यामागे साखळी. बोट वाऱ्याने फिरली की साखळीही फिरते, आणि तेवढ्या घेरातले सगळे खरवडून निघते. पर्यटकाच्या हाता-पायाने होणारे नुकसान यापुढे थोडे आहे. दुसरे विचारा, की माशांना पाव-बिस्किटे टाकता का? फोटोत भोवती मासे यावेत म्हणून ते टाकतात. तुम्ही “आम्हाला नको” म्हणालात तर बहुतेक जण ऐकतात, कारण त्यांना वाटते की गिऱ्हाइकालाच ते हवे आहे. मालवणची ही मुले पोटासाठी काम करतात. त्यांतली कित्येक मच्छीमारांच्या घरची आहेत, आणि मी पाहिलेले सगळ्यात चांगले पाण्याखालचे डोळे त्यांचेच आहेत. मागणी बदलली की ती बदलतात.

प्रश्न : मी अकरावीत आहे. ‘प्रवाळ पांढरे पडले’ अशी बातमी वाचली. पांढरे पडले म्हणजे मेले का? आणि आमच्या घराजवळच्या हवामान संस्थेचा याच्याशी संबंध आहे असे बाबा म्हणतात, तो कसा?
(एक विद्यार्थिनी, पाषाण)

पांढरे पडणे म्हणजे मरणे नव्हे, उपाशी पडणे. हा फरक नीट समजून घे.

पॉलिपच्या कातडीत अतिसूक्ष्म शेवाळ राहते. ते उन्हात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा पॉलिपला देते. काही प्रवाळांना ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा अशी घरबसल्या मिळते. प्रवाळाचा तपकिरी, हिरवट रंग बराचसा या शेवाळाचा. पाणी जास्त तापले की शेवाळाचे काम बिघडते, त्यातून विषारी द्रव्ये तयार होतात, आणि पॉलिप त्या शेवाळाला बाहेर काढतो. मग पारदर्शक कातडीतून खालचा पांढरा चुना दिसू लागतो. पाणी काही आठवड्यांत निवले तर शेवाळ परत वाढते, रंग परत येतो. नाही निवले तर पॉलिप मरतो आणि त्या जागेवर मळकट हिरवा थर चढतो.

२०१६च्या एप्रिलच्या अखेरीस मी लक्षद्वीपमध्ये होते. सात मीटर खोलीवर शिंगांसारख्या फांद्यांचे एक प्रवाळ होते, आधीच्या वर्षी पाहिलेले, तेव्हा मधासारख्या रंगाचे. या वेळी ते इतके पांढरे होते, की पाण्याखाली कोणी दिवा लावून ठेवला आहे असे वाटले. रात्री टॉर्च घेऊन परत गेले. प्रवाळ रात्री स्पर्शिका बाहेर काढून पाण्यातले बारीक जीव पकडते. टॉर्च बाजूला धरून मास्क अगदी जवळ नेला. प्रत्येक वाटीतून काचेच्या दोऱ्यासारख्या स्पर्शिका बाहेर आल्या होत्या आणि हलत होत्या. शेवाळाकडून मिळणारे अन्न बंद झालेले, तरी हाताला लागेल ते पकडून ते जगत होते. मी तिथे सिलिंडरमधली हवा संपत येईपर्यंत थांबले. पुढच्या हिवाळ्यात गेले तेव्हा त्यातल्या जवळजवळ सगळ्या फांद्या मेलेल्या होत्या. बुंध्याशी तळहाताएवढा भाग जिवंत होता.

आता पाषाणची गोष्ट. तापमान किती वाढले आणि किती दिवस राहिले, या दोन्हींचा हिशेब मिळून धोका ठरतो. त्या ठिकाणच्या नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्याचे सरासरी तापमान घे. त्याहून एक अंश जास्त तापमान चार आठवडे टिकले, की गुण झाले चार. दोन अंश जास्त, चार आठवडे, तर आठ. चारला प्रवाळ पांढरे पडू लागते, आठला मोठ्या प्रमाणात मरू लागते. आपल्या समुद्रासाठी असा इशारा हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था देते. आणि समुद्र का तापतो, उष्णतेच्या लाटा पाण्यात कशा तयार होतात, याचा अभ्यास तुमच्या घराजवळच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत होतो. तिथले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे, की १९५० ते २०२० या काळात हिंदी महासागराचा पृष्ठभाग सुमारे १.२ अंशांनी तापला. २०२०च्या मे महिन्यातल्या अशाच एका सागरी उष्णतेच्या लाटेनंतर मन्नारच्या आखातात पाण्याखाली जाऊन पाहणी झाली, तेव्हा ८५ टक्के प्रवाळे पांढरी पडलेली आढळली. हेही त्यांच्या अभ्यासात आहे. म्हणजे समुद्रापासून एवढ्या दूर, टेकडीजवळच्या इमारतीत बसून समुद्राचा ताप मोजला जातो. कधी खुला दिवस असेल तर वर्गमैत्रिणींना घेऊन नक्की जा.

एक गोष्ट मला नेहमी आठवते. एप्रिल-मेमध्ये समुद्र शांत असतो, आभाळ निरभ्र, ऊन थेट खोलवर उतरते. प्रवाळाला सर्वांत वाईट काळ तोच. ढग आले, वारा सुटला, पाणी ढवळले, की त्याची सुटका होते. पुण्यात आपण वळवाची वाट बघतो त्याच दिवसांत तेही ढगांची वाट बघत असते.

मोठ्या प्रमाणात प्रवाळ पांढरे पडण्याची वर्षे वहीत लिहून ठेव : १९९८, २०१०, २०१६ आणि २०२३-२४. जगभर असे घडण्याची ही चौथी वेळ असल्याचे अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेने १५ एप्रिल २०२४ रोजी जाहीर केले. पहिल्या दोन घटनांमध्ये १२ वर्षे होती, पुढे सहा, मग साताठ. फांद्यांचे प्रवाळ जोमाने वाढते, पण उजाड खडक पुन्हा भरायला त्यालाही दहा-एक वर्षे लागतात. लक्षद्वीपमध्ये म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे संशोधक १९९८ पासून त्याच त्या जागी मोजत आले आहेत. २४ वर्षांत तिथले जिवंत प्रवाळ जवळजवळ निम्म्यावर आले. हा आकडा आपल्याला मिळाला, कारण कोणीतरी २४ वर्षे न कंटाळता त्याच खडकावर परत जात राहिले.

प्रश्न : आमच्या दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत ‘इंद्रजाल’ लावले आहे. वास्तू सांगणाऱ्या गृहस्थांनी आणून दिले, समुद्रातली वनस्पती आहे म्हणाले. तुमचा लेख वाचून शंका आली. यजमानांच्या बोटात पोवळेही आहे.
(एक गृहिणी, सदाशिव पेठ)

तुमची शंका रास्त आहे, आणि ती विचारलीत हे फार चांगले केले. इंद्रजाल म्हणून बाजारात मिळते ते वनस्पती नाही. ते वाळवलेले समुद्रपंखा प्रवाळ असते, नाहीतर काळे प्रवाळ. दोन्ही प्राणी आहेत, दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. चौकटीतली ती काळी जाळी म्हणजे त्या प्राण्यांचा सांगाडा. जिवंत असताना त्यावर लाल, पिवळे, जांभळे पॉलिप फुललेले असतात, प्रवाहाला आडवा पंखा पसरून ते वाहत येणारे अन्न गाळून घेतात. काळ्या प्रवाळाची वाढ इतकी सावकाश असते, की हवाईजवळच्या खोल पाण्यातल्या एकाचे वय ४,००० वर्षांहून जास्त निघाले आहे.

तुमच्या श्रद्धेबद्दल मी बोलणार नाही. घरात सुख-शांती असावी असे कोणाला वाटत नाही? पण ज्याने ही वस्तू वनस्पती म्हणून विकली, त्याने तुमच्या श्रद्धेशी खोटेपणा केला आहे. ही चौकटही वनविभागाकडेच द्यायची. नातेवाइकांत आणखी कोणाकडे असेल तर त्यांनाही सांगा, कारण अशी वस्तू एका घरात गेली की ओळखीच्या चार घरांत जाते.

पोवळ्याची गोष्ट वेगळी आहे. मंगळासाठी घालतात ते लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले, त्याची प्रजात वेगळी आणि ते उथळ पाण्यातले खडक बांधत नाही. शतकानुशतके ते व्यापाराने आपल्याकडे येत आले आहे. त्याची फांदी वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा जाड होत नाही, आणि तिथल्या उथळ भागातली मोठी झाडोरी केव्हाच काढून संपली. असलेली अंगठी काढून टाका असे मी म्हणणार नाही. नवी घेताना मात्र विचार करा. आजीची, आईची अंगठी घरात असेल तर तीच नीट करून घ्या.

प्रश्न : हिंजवडीत नोकरी करतो. ओपन वॉटर कोर्स झाला आहे, नेत्राणी आणि अंदमान मिळून ११ डाइव्ह झाल्या. शनिवार-रविवार काढून समुद्रासाठी काही उपयोगाचे करायचे आहे. कुठून सुरुवात करू?
(एक इंजिनिअर, वाकड)

सुरुवात पुण्यातच करा, पोहण्याच्या तलावात. ११ डाइव्हनंतर माणसाला वाटते की आपल्याला येते. मलाही वाटले होते. माझ्या डायव्हिंगच्या दुसऱ्या वर्षी मी अंदमानला एका नळीसारख्या किड्याचा फोटो घेत होते. फोटो झाला, वळले, आणि मागे काहीतरी कट् झाल्यासारखे पायाला जाणवले. माझ्या फिनने, म्हणजे पायात घालायच्या रबरी वल्ह्याने, शिंगप्रवाळाची हातभर फांदी मोडली होती. ती वाळूवर पडली. एक छोटा निळा मासा त्या फांदीतच राहत होता, तो पडलेल्या फांदीभोवती गोल गोल फिरत राहिला. आज इतकी वर्षे झाली, तो मासा मी विसरलेले नाही. त्यानंतर सहा महिने मी कॅमेरा नेला नाही.

तलावात हे करा : पूर्ण साहित्य घालून तळाच्या फरशीपासून वीतभर वर तरंगत राहा, पाच मिनिटे, हात छातीशी बांधून, फिन न हलवता. वर-खाली व्हायचे ते फक्त श्वासाने. हे जमले की उलटे व्हा, डोके खाली, नाक फरशीपासून चार बोटांवर. तेही जमले की एका हातात पाटी घेऊन पेन्सिलीने लिहा. लिहायला लागले की लक्ष जाते आणि शरीर खाली बसते. लिहीत असताना जो स्थिर राहतो, तो मोजणीच्या कामाचा. इथे घाई करू नका. अर्धवट तयारीचा स्वयंसेवक खडकावर नेण्यापेक्षा एक जण कमी असलेला मला परवडतो.

मोजणीच्या पद्धती सोप्या आहेत, फक्त इमानदारी लागते. ‘रीफ चेक’ची पद्धत जगभर १९९७ पासून चालू आहे. १०० मीटरची टेप एकाच खोलीवर टाकतात. तिच्यावर २० मीटरचे चार तुकडे, प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये पाच मीटर मोकळे. दर अर्ध्या मीटरला टेपखाली काय आहे ते लिहायचे : कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, नुकतेच मेलेले, शेवाळ, वाळू, दगड. असे १६० ठिपके होतात. मग त्याच टेपच्या दोन्ही बाजूंना ठरावीक मासे मोजायचे. गोब्रा किती, पोपटमासे किती, तांबोशी किती. मोठे गोब्रे दिसेनासे झाले तर मासेमारीचा ताण कळतो. पोपटमासे कमी झाले तर शेवाळ खरवडणारे कोणी उरत नाही, आणि प्रवाळाच्या पिल्लांना चिकटायला स्वच्छ खडक मिळत नाही. त्याहून सोपे हवे असेल तर क्वीन्सलंड विद्यापीठाच्या ‘कोरलवॉच’चा रंगतक्ता आहे. प्रवाळाचा सर्वांत फिका आणि सर्वांत गडद भाग तक्त्यातल्या एक ते सहा छटांशी जुळवून दोन आकडे लिहायचे. पंचविशीतल्या माझ्या एका विद्यार्थिनीने पहिल्याच दिवशी २० प्रवाळांची नोंद केली होती, एकालाही हात न लावता.

अभयारण्यात हे करायला वनविभागाची परवानगी लागते. एकट्याने नाही, ज्यांच्याकडे परवानगी आहे अशा संशोधकांच्या गटाला जोडून घ्या. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. मुंबईत कांदळवन कक्ष आहे. पत्र लिहा, स्वतःच्या डाइव्हची वही जोडा, आणि ‘मी हे करीन’पेक्षा ‘मला दर डिसेंबरात चार दिवस देता येतील’ असे लिहा. नवी नवी ठिकाणे बघत फिरणारे डायव्हर खूप आहेत. एकाच खडकावर दहा वर्षे परत जाणारे फार थोडे, आणि शास्त्राला गरज त्यांची आहे.

जाळी कापायला जाऊ नका, निदान एवढ्यात तरी. तुटून खडकात अडकलेले जाळे वर्षानुवर्षे मासे, कासवे मारत राहते हे खरे. पण जुन्या जाळ्यात प्रवाळ वाढून गेलेले असते. जाळे ओढले की तेही सुटून येते. शिवाय जाळ्यात डायव्हरही अडकतो. हे शिकलेल्या माणसाबरोबर, कात्री आणि जास्तीची हवा घेऊनच करायचे काम आहे. जागा आणि खोली टिपून ठेवा आणि कळवा. या बाबतीत आपल्या मच्छीमारांचा मला अभिमान वाटतो. जाळ्यात कासव किंवा देवमासा सापडला तर स्वतःचे महागडे जाळे कापून त्याला सोडणारे कितीतरी जण आहेत. अशा जाळ्याची भरपाई राज्य सरकार देते, २५,००० रुपयांपर्यंत, २०१८च्या अखेरीपासून.

अंगाला सनस्क्रीन चोपडून पाण्यात उतरू नका. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला. ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनवर पलाऊने २०२०पासून आणि हवाईने २०२१पासून बंदी घातली आहे.

आणि एक पुणेकरांनाच सांगण्यासारखी गोष्ट. रविवारी दुपारी शेवटची डाइव्ह करायची, चारला गाडी काढायची, रात्री घर, असा बेत पुष्कळ जण करतात. मध्ये घाट आहे. आंबोली ६९० मीटरवर आहे. दिवसभरात खोल डाइव्ह करून रक्तात साठलेला नायट्रोजन तुम्ही काही तासांतच कमी दाबाच्या हवेत नेता. विमानाचा नियम तोंडपाठ असतो, एका डाइव्हनंतर १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८, पण घाटाचा कोणी विचार करत नाही. रात्र मालवणातच काढा, सोमवारी सुट्टी घ्या.

हिमतीने पुढे गेलात तर कधीतरी आंग्रे बँकेचे नाव कानावर येईल. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर आत, भर समुद्रात, पाण्याखालचे पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचे नाव त्याला मिळाले. माथा २०-एक मीटर खोल, आणि त्यावर प्रवाळ. जवळ किनारा नाही, आडोसा नाही. मीही अजून गेलेले नाही. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर ते नाव लिहून ठेवले आहे.

प्रश्न : मुलीच्या वाढदिवसाला ‘प्रवाळ दत्तक’ घ्यावे म्हणते. पैसे भरले की तिच्या नावाने प्रवाळ लावतात आणि प्रमाणपत्र देतात. योग्य आहे का?
(एक वाचक, औंध)

प्रवाळ लावणे हे खरे शास्त्र आहे. तुतीकोरिनची सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्था मन्नारच्या आखातात २०००च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे करते आहे. कच्छच्या आखातात मिठापूरजवळ जानेवारी २०२०मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षणाने गुजरात वनविभागाबरोबर लोखंडी सांगाड्यातून कमी दाबाची वीज सोडून त्यावर चुना जमवण्याचा आणि त्यावर प्रवाळ बसवण्याचा प्रयोग केला. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची प्रवाळेही उचलून दुसरीकडे बसवली गेली.

पण ज्या कारणाने पहिले प्रवाळ मेले, ते कारण तिथेच असेल तर दुसरेही मरेल. म्हणून पैसे भरण्याआधी लेखी विचारा : तुकडे कुठून घेता, तुटून पडलेले की चांगल्या वसाहतीतून तोडलेले? परवानगी कोणाची? आणि दोन वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी आज किती जिवंत आहेत? तिसऱ्या प्रश्नाला ज्यांच्याकडे आकडा आहे, मग तो कमी का असेना, त्यांना पैसे द्या. ज्यांच्याकडे फक्त लावतानाचे फोटो आहेत, त्यांना देऊ नका. मुलगी पोहण्याच्या वयाची असेल तर त्या पैशांत तिला मास्क आणि स्नॉर्केल घेऊन द्या, असे मला वाटते.

प्रश्न : वय ७१. पोहता येत नाही. नातू मोबाइलवर प्रवाळ दाखवतो, छान वाटते. मला ते प्रत्यक्ष जिवंत बघता येईल का?
(एक आजी, नारायण पेठ)

येईल आजी, आणि पाण्यात डोके न बुडवता. कच्छच्या आखातात जामनगरजवळ नरारा बेट आहे, सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. ओहोटीला पाणी मैलभर मागे जाते आणि घोट्याएवढ्या पाण्यात प्रवाळ दिसते. वनविभागाची परवानगी काढून, वाटाड्या सांगेल त्याच वाटेने चालायचे, कारण पायाखाली सगळे जिवंत असते.

तेवढे लांब नको असेल तर मुंबई. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटाची मंडळी ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर नेऊन खडकातले जीव दाखवतात. गिरगाव, जुहू, हाजी अली अशा गर्दीच्या ठिकाणी समुद्रफुले, गोगलगायी, लहान ऑक्टोपस दिसतात, आणि नशीब असेल तर प्रवाळही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मागे गाड्यांचे हॉर्न आणि समोर खडकाच्या वाटीत हिरवे समुद्रफूल उघडलेले, असे दृश्य होते. बराच वेळ तिथेच उकिडवी बसून राहिले.

वेळ तुम्हीच पंचांग बघून काढू शकाल. कोकणातला जुना हिशेब : तिथीला तीनने गुणा, चारने भागा, भरतीची वेळ निघते. द्वितीयेला दीड. त्याच्या सहा तास आधी, म्हणजे सकाळी साडेसातच्या आसपास ओहोटी. हा अंदाज झाला, जाण्याआधी छापील वेळापत्रक बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या पुढचे दोन-तीन दिवस उधाणाचे, तेव्हा पाणी सर्वांत मागे जाते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी थोडेच मागे जाते तेव्हा, जाऊ नका, काही दिसणार नाही. आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करा म्हणजे पहाटेची धावपळ नको. चपला नकोत, मागून बंद असलेले रबरी तळाचे बूट घाला. नातवाने दगड उलटला तर होता तसाच परत ठेवायला सांगा, खालच्या जिवांना ऊन सोसत नाही. आणि काठी घेणार असाल तर तिच्या टोकाला रबर असू द्या. खडकावर घसरणार नाही, आणि कोणाच्या घरावर टोचणारही नाही.